जादूच्या राज्यातील घरगडी



आजच्या विषयाची पाटी वाचून आपल्यापैकी काहींनी एकमेकांकडे पाहिले, ते मी व्यासपीठावरून पाहिले. युनियनचा माणूस, आणि बोलणार लहान मुलांच्या जादूच्या कादंबरीवर! चालकांनी मला प्रथम ‘कामगार चळवळीपुढील प्रश्न’ असा विषय सुचवला होता. त्यांना मी सांगितले की, तो विषय मी गेटवर रोजच बोलतो, आणि तेथे ऐकणारे मला अधूनमधून थांबवून जाबही विचारतात. येथे एकदा पुस्तकावर बोलू द्या. माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयांत झाले. तेव्हा साहित्यशास्त्राच्या कसोट्या मजजवळ नाहीत. माझी कसोटी एकच, आणि ती माझ्या धंद्यातली आहे. कोणतीही गोष्ट वाचताना मी पाहतो की, या राज्यात काम कोण करतो, आणि त्याला त्याचे काय मिळते.

पुस्तक म्हणजे जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेचे ‘हॅरी पॉटर’. पहिला भाग १९९७ च्या जूनमध्ये निघाला, सातवा व शेवटचा २००७ च्या जुलैमध्ये. आपल्याकडे भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने तो मराठीत आणला. पहिल्या भागाचे नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. ज्यांनी वाचले नसेल त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. आईबाप मारले गेलेला एक पोरका मुलगा मावशीच्या घरी जिन्याखालच्या कोंदट खोलीत वाढतो. अकराव्या वर्षी त्याला कळते की आपण जादूगार आहोत. मग हॉगवर्ट्‌स नावाच्या जादूच्या शाळेत तो जातो आणि सात वर्षांत आईबापांच्या मारेकऱ्याशी, व्होल्डेमॉर्टशी, झुंज देतो. उरलेले तुमच्या घरातली मुले तुम्हाला सांगतील, आणि माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

प्रथम एका आक्षेपाचा निकाल लावू. काही पालक म्हणतात, जादूटोण्याच्या गोष्टींनी मुले अंधश्रद्ध होतात. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. ज्या महाराष्ट्रात शेजारणीला चेटकीण ठरवून तिचा जीव घेतल्याच्या बातम्या आपण वाचल्या, जेथे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि त्यानंतर डिसेंबरात आपल्या याच शहरातल्या हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी विधेयक मंजूर झाले, तेथे हा प्रश्न कोणी विचारला तर त्याला उत्तर दिलेच पाहिजे. माझे उत्तर असे. भोंदू बाबाची जादू अशी असते की ती तुम्हाला शिकता येत नाही. फक्त पैसे देऊन घेता येते. रोलिंगबाईंच्या पुस्तकातली जादू शाळेत शिकावी लागते. तिला वह्या लागतात, परीक्षा असतात, आणि हर्मायनी नावाची जी तेथली ‘चेटकीण’ आहे ती वर्गातली सर्वांत अभ्यासू पोरगी आहे. पंचविशीतला वेताळ, ‘चांदोबा’तल्या राक्षसिणी, रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण, यांच्यावर आपल्या किती पिढ्या वाढल्या! त्यामुळे कोणी मांत्रिकाकडे गेला असेल असे मला वाटत नाही. मांत्रिकाकडे माणूस जातो तो दवाखाना दूर असतो म्हणून, आणि दवाखान्यात पैसे लागतात म्हणून.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो.

हॉगवर्ट्‌समध्ये जेवणाचा मोठा दिवाणखाना आहे. पोरे बाकांवर बसतात आणि सोन्याच्या ताटांत पदार्थ आपोआप प्रकट होतात. पहिले तीन भाग वाचणाऱ्याला वाटते, ही जादूच आहे. जादूच्या गोष्टीत असेच असायचे. आपल्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी मराठीत आणायला घेतल्या, त्यांतही अल्लाउद्दिनाने दिवा घासला की जिन्न ताटे घेऊन हजर होतो. त्या जिन्नाला, बाबा रे, तू हे का करतोस, असे कोणी विचारत नाही. दिवा ज्याच्या हाती, जिन्न त्याचा.

रोलिंगबाईंनी मात्र चौथ्या भागात स्वयंपाकघराचे दार उघडून दाखवले, आणि याच कारणाने मी त्यांना मानतो. दिवाणखान्याच्या बरोबर खाली तेवढेच मोठे स्वयंपाकघर आहे. तेथे शंभरावर बुटके जीव राबतात. इंग्रजीत त्यांना हाउस-एल्फ म्हणतात. मी त्यांना घरगडी म्हणेन. वटवाघळासारखे कान, चेंडूएवढे डोळे, अंगावर शाळेची मुद्रा असलेली ताटपुसणी. वरच्या मजल्यावर जशी टेबले मांडलेली, तशीच खाली. खालच्या टेबलावर ताट भरले की ते वर जाते. लेखिका पुढे एक नियमही सांगते की, जादूने शून्यातून अन्न निर्माण करता येत नाही. म्हणजे जादूच्या राज्यातही भाकरी कोणाला तरी थापावीच लागते. वरच्या पोरांना तो थापणारा दिसत नाही. शाळेतच राहणारे एक भूत हर्मायनीला सांगते की, चांगल्या घरगड्याची खूण ही की तो आहे हे कळतसुद्धा नाही. नागपुरात नव्या इमारतींत कामवाल्या बायांसाठी वेगळी लिफ्ट असते, ती आठवावी.

या घरगड्यांतला एक म्हणजे डॉबी. दुसऱ्या भागात तो येतो. मालफॉय नावाच्या बड्या घराण्याचा तो पिढीजात नोकर. अंगावर उशीची जुनी खोळ. मालकाविरुद्ध एक शब्द निघाला की स्वतःचेच डोके भिंतीवर आपटून घेतो. मारायला मालकाचा हात लागत नाही, शिक्षा त्याच्या आतच बसवलेली आहे. अशा माणसाच्या सुटकेचा नियम काय? मालकाने त्याला अंगावर घालायचे वस्त्र दिले पाहिजे. एवढेच. म्हणून त्या घरांत घरगड्याच्या हाती मोजासुद्धा पडू नये याची काळजी घेतात. हॅरी युक्ती करतो, आपल्या मोज्यात एक वही घालून ती मालफॉयच्या हाती देतो, मालफॉय रागाने मोजा भिरकावतो आणि तो डॉबी झेलतो. संपले! लगेच मालफॉय हॅरीवर धावून जातो, तेव्हा हा कालचा गुलाम नुसते बोट दाखवून मालकाला जिन्यावरून खाली फेकतो. ही शक्ती त्याच्यात आधीपासून होती. मालकापेक्षा तो बलवान होताच, आणि तरी भिंतीवर डोके आपटत होता. हे पान वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसलो. बावीस वर्षे गेट मीटिंगांत मी जे सांगायचा प्रयत्न केला, ते या बाईने एका मोज्यात सांगितले होते.

या मोज्याबाबत एक गंमत मात्र लक्षात घ्या. आमच्या युनियनच्या कार्यालयात संध्याकाळी वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका चालते. धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंची मुलगी, सातवी-आठवीतली, हे पुस्तक वाचत होती. ती मला म्हणाली, “काका, हे उलटं नाही का? माह्या मायले तर दिवाळीले जुनी साडी देऊनच ठेवून घेतात.” इंग्लंडात वस्त्र दिले की नोकर सुटतो, आपल्याकडे वस्त्र दिले की बांधला जातो. बोनसच्या जागी जुने लुगडे, पगारवाढीच्या जागी कालची भाजी, आणि वर ‘घरच्यासारखी वागवतो’ हे वाक्य. घरच्यासारखी असती तर तिचा खाडा कापला नसता. मी त्या मुलीला म्हटले, तू म्हणतेस ते बरोबर आहे, आणि हे लेखिकेलाही सुचले नव्हते.

पण सुटलेल्या डॉबीचे पुढे काय झाले, हे मुलांच्या गोष्टींत सहसा सांगत नाहीत. येथे सांगितले आहे. दोन वर्षे तो देशभर काम शोधत हिंडतो. काम खूप आहे, परंतु तो पगार मागतो, म्हणून कोणी ठेवत नाही. शेवटी हॉगवर्ट्‌सचे मुख्याध्यापक डम्बलडोर त्याला घेतात. ते देऊ करतात आठवड्याला दहा सुवर्णनाणी आणि शनिवार-रविवार सुट्टी. डॉबी घासाघीस करतो, आणि ती खाली आणण्यासाठी! एक नाणे आणि महिन्याला एक दिवस सुट्टी, यावर तो खूश. लहान मुले येथे हसतात. मला हसू आले नाही, कारण असे डॉबी मी पाहिले आहेत. “साहेब, इतकं कशाले, पाचशेच वाढवा,” म्हणून आमच्यासमोर वाटाघाटी मोडणारे. म्हणूनच १९४८ च्या किमान वेतन कायद्यात ठेवले गेले की, कामगाराने स्वतःच कमी वेतनावर सही केली तरी तो करार त्यापुरता निरर्थक. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. ती ज्याला नको होती त्यालाही मिळाली. ती एकेकट्याने मागितली असती तर कोणालाच मिळाली नसती.

डम्बलडोर हा चांगला मालक आहे, हे मी नाकारत नाही. चांगले मालक असतात. आपल्याच शहरात जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली, आणि तेथे १८८६ साली पेन्शन फंड व १९०१ साली प्रॉव्हिडंट फंड काढला. त्या काळी असे करणारे मालक हाताच्या बोटांवर मोजावे लागत. परंतु बाकीच्या मालकांकडून तोच फंड मिळण्यासाठी १९५२ चा कायदा यावा लागला. दरम्यान एकावन्न वर्षे गेली. चांगल्या मालकाची वाट पाहणाऱ्यांनी हा हिशेब करून ठेवावा.

आता हर्मायनी. या पोरीविषयी मला माया आहे आणि तक्रारही आहे. घरगड्यांची दशा पाहून तिला जेवण गोड लागत नाही. एक वेळ ती ताट दूर सारते. मग ती एक संघटना काढते. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली की ओकण्याचा अर्थ होतो, म्हणून सगळी शाळा हसते. वर्गणी दोन चांदीची नाणी. एक मित्र चिटणीस, एक खजिनदार. दोघांनाही न विचारता नेमलेले. बिल्ले छापून तयार. तिची मागणीपत्रिका मात्र उत्तम आहे: आधी योग्य वेतन व कामाच्या अटी, पुढे कायद्यात दुरुस्ती आणि सरकारी खात्यात घरगड्यांचा प्रतिनिधी. एवढी स्वच्छ मागणीपत्रिका मोठमोठ्या महासंघांनाही जमत नाही. उणीव एकच. बिल्ले छापले तोवर ती स्वयंपाकघरात एकदाही गेलेली नव्हती! जिच्या सभासदांत एकही कामगार नाही अशी ती युनियन. पुढे खाली जाऊन ती घरगड्यांना उपदेश करते, तेव्हा ते तिला नम्रपणे, पाठीला हात लावून, दाराबाहेर काढतात. त्यानंतर पाचव्या भागात ती लोकरीच्या टोप्या विणून खोलीत कचऱ्याखाली लपवून ठेवते, की साफ करताना चुकून हाती येतील आणि ते आपोआप मुक्त होतील. परिणाम काय? घरगडी रागावून त्या खोलीची सफाईच बंद करतात. सगळे काम एकट्या डॉबीवर पडते आणि सगळ्या टोप्याही त्याच्याच डोक्यावर.

हे वाचून काही मंडळी म्हणतात, पाहा, त्यांना स्वातंत्र्य नकोच होते, ते सुखी होते. पुस्तकातली बरीच भली माणसेही हेच म्हणतात. हॅग्रिड म्हणतो, हॅरीच्या मित्राचे भाऊ म्हणतात. येथे मी लेखिकेशी भांडतो. तिने सुखी घरगड्यांचे तोंड दाखवले, पण एक बारीक गोष्टही लिहून ठेवली, ती वाचणारे सोडून देतात. डॉबी पगाराचा शब्द काढतो तेव्हा आजूबाजूचे घरगडी त्याच्यापासून सरकून उभे राहतात, जणू त्याला लागण झालेली आहे. सुखी माणसाला अशी भीती का वाटावी? मी जेव्हा नव्या कारखान्याच्या गेटवर पत्रके वाटतो आणि कामगार माझ्याकडे न पाहता सायकल जोरात मारतात, तेव्हा ते सुखी आहेत म्हणून नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिले आणि ते अमेरिकेत गुलाम मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. त्या काळी आपल्या पुण्यातही असे म्हणणारे भरपूर होते की, येथे सगळे आपापल्या जागी समाधानी आहेत.

हर्मायनीने काय करायला हवे होते, याचे उदाहरण नागपुरातच आहे. १९८० साली संस्कृतच्या प्राध्यापिका रूपा कुलकर्णी यांनी येथे विदर्भ मोलकरीण संघटना उभी केली. संस्कृतची प्राध्यापिका आणि धुणीभांडी करणाऱ्या बाया. हर्मायनीहून ते अंतर काही कमी नव्हते. पण त्या संघटनेत मोलकरणी होत्या. त्यांना बोलू दिले गेले, मोर्चात त्याच चालल्या. घरकाम हे काम आहे आणि ते करणारी कामगार आहे, एवढे राज्याने मान्य करून कल्याण मंडळाचा कायदा केला तो २००८ साली. अठ्ठावीस वर्षे. टोप्या विणून ते झाले नसते.

विन्कीविषयी थोडक्यात. ती एका उच्च अधिकाऱ्याची घरगडीण. चूक मालकाची झाकायची म्हणून तो तिला सर्वांदेखत काढून टाकतो. ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पीत बसते, आणि तरीही मालकाची गुपिते फोडत नाही. २००२ साली एम्प्रेस मिल बंद झाल्यानंतरची इथली काही घरे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना विन्की समजावून सांगण्याची गरज नाही.

क्रीचर मात्र सगळ्या पुस्तकातला सर्वांत खरा माणूस आहे. माणूस म्हणतो, क्षमा करा. म्हातारा, घाणेरडा, तोंडातल्या तोंडात शिव्या देणारा. त्याचा मालक सिरियस हा पुस्तकातल्या सज्जनांपैकी, हॅरीचा धर्मपिता. पण क्रीचरशी तो कधी नीट बोलला नाही. आणि क्रीचरच्या फितुरीनेच तो मेला. पुढे कळते की, व्होल्डेमॉर्टने कधी काळी या म्हाताऱ्याला एका गुहेत विष पाजून मरायला टाकले होते. क्रीचर तेथून सुटला, कारण धाकट्या मालकाने त्याला परत ये असे सांगितले होते आणि घरगड्याच्या जादूला जादूगारांची बंधने लागू नव्हती. जगातला सर्वांत कपटी जादूगार. त्याने सगळ्या वाटा बुजवल्या, एक सोडून. घरगड्याला स्वतःची विद्या असते हे त्याच्या मनातही आले नाही. व्होल्डेमॉर्टच्या नाशाची सुरुवात ज्या कच्च्या दुव्यातून झाली, त्यांतला एक हा. नोकरासमोर बोलताना मालक माणसे समोर कोणी नाहीच असे समजून बोलतात, हा अनुभव आपल्या बायांना रोजचा आहे.

गोब्लिन नावाचे कारागीर-सावकारही या पुस्तकात आहेत. त्यांचे मालकीविषयीचे मत असे की, वस्तूचा खरा धनी तिचा घडवणारा. विकत घेणाऱ्याने ती फक्त हयातीपुरती भाड्याने घेतली. इतका धाडसी विचार मुलांच्या पुस्तकात मी दुसरीकडे वाचला नाही. डॉबी जेव्हा हॅरीला वाचवताना मरतो, तेव्हा हॅरी त्याची कबर जादूने खणत नाही. फावडे घेऊन घाम गाळून खणतो. ग्रिपहूक नावाचा गोब्लिन हे पाहतो आणि म्हणून त्याच्याशी बोलायला तयार होतो. मग दोघांत करार होतो: गोब्लिनने तिजोरीत शिरायला मदत करायची, बदल्यात त्याच्या पूर्वजांनी घडवलेली तलवार घ्यायची. हॅरी मनात ठरवतो की देईन म्हणायचे, केव्हा देईन ते बोलायचे नाही. आमच्या भाषेत याला तारीख नसलेला करार म्हणतात. असे करार करून शेवटी काय होते ते पुस्तकात आहेच: गोब्लिन ऐनवेळी तलवार घेऊन पळतो, आणि वाचणारी मुले त्याला लबाड म्हणतात. अभ्यासिकेतल्या मुलांना मी हे पान पुन्हा वाचायला लावले. निम्म्यांनी मत बदलले, निम्मी अजून हॅरीच्या बाजूने आहेत. वाद चालू आहे.

आता शेवटच्या भागाच्या शेवटाकडे या. युद्ध पेटते तेव्हा क्रीचर हॉगवर्ट्‌सच्या साऱ्या घरगड्यांना घेऊन, हातात स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घेऊन, रणात उतरतो. व्होल्डेमॉर्ट मरतो. विजय होतो. थकलेला हॅरी आपल्या खोलीकडे निघतो. त्याला फक्त आपला पलंग हवा आहे, आणि त्याच्या मनात येते की, क्रीचर तेथे एखादे सँडविच आणून देईल का. त्या रात्रीची गोष्ट येथे संपते. पुढे एकोणीस वर्षांनंतरचे एक प्रकरण आहे, त्यात रेल्वे स्टेशन आहे, मुलेबाळे आहेत, निरोपानिरोपी आहे. क्रीचरचे वेतन ठरले की नाही, त्याला सुट्टी मिळाली की नाही, ते त्यात नाही. हॅरी त्याचा चांगला मालक झाला होता, यात वाद नाही. पण मालकच राहिला होता. ही जागा मी त्या सातवी-आठवीतल्या मुलीला दाखवली. तिने पुस्तक माझ्या हातून घेतले, ते पान स्वतः पुन्हा वाचले आणि मला विचारले, “काका, तो पण तर रात्रभर लढला होता ना?”